कवडशांतील सोनें



कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गडहिंग्लज तालुक्यांत नेसरी नांवाचें गांव आहे. या गांवाचें नांव निघालें कीं मराठी माणसाला एकच प्रसंग आठवतो. त्या प्रसंगाकडे मी शेवटीं येणार आहें. आरंभ मात्र तेथील एखाद्या जुन्या कौलारू घराच्या माजघरापासून करूं. दुपारची वेळ आहे, दारें लोटलेलीं आहेत, आंत जवळजवळ अंधार आहे, आणि सरकलेल्या एका कौलाच्या फटींतून उन्हाचा एक कवडसा तिरपा खालीं उतरला आहे. त्या कवडशांत धुळीचे कण वर-खालीं तरंगत असतात. लहान मूल त्यांना मुठींत धरूं पाहतें आणि मूठ उघडून पाहतां आंत कांहींच नसतें. आपणांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ खेळला असेल.

या साध्या देखाव्यांत एक मोठें तत्त्व दडलेलें आहे. धूळ खोलीभर सर्वत्र असतेच. पण ती दिसते फक्त कवडशांत. तेथेंही आपणांस कणाचा आकार दिसत नाहीं, त्यानें बाजूला उडविलेला प्रकाश तेवढा दिसतो. त्यासाठीं दोन गोष्टी हव्यात: प्रकाश बाजूनें यावयास हवा, आणि कणाच्या मागें अंधार हवा. या दोन अटी पाळून मनुष्यानें सोन्याचा सूक्ष्म कण कसा पाहिला, आणि त्या कणाच्या अंगावर चाललेली रासायनिक क्रिया त्याच्या रंगावरून ओळखण्यापर्यंत तो कसा पोंचला, याचा इतिहास मी आज थोडक्यांत सांगणार आहें.

आपल्याकडे सोन्याचा आणि कवडशाचा संबंध फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोनें, रुपें व तांबें यांच्या वजनांचें एक कोष्टक दिलें आहे. त्याची पहिली पायरी कोणती? जाळीच्या खिडकींतून आलेल्या उन्हांत जो सूक्ष्म रजःकण दिसतो तो. त्याचें नांव त्रसरेणु. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राजसर्षप म्हणजे काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक मध्यम यव, आणि तीन यवांची एक कृष्णल, म्हणजे आपली गुंज. हिशेब केला तर एका गुंजेंत १२९६ त्रसरेणु भरतात. सोनाराच्या तराजूची परंपरा अशी थेट कवडशाला जाऊन भिडते. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत सर्वांत लहान कोणती, असें विचारलें असतां त्या काळच्या मनुष्यानें उन्हांत तरंगणाऱ्या कणाकडे बोट दाखविलें.

आजच्या शास्त्राचा सुवर्णकण याहून पुष्कळच लहान आहे. मीटरचे शंभर कोटि भाग केले तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. पन्नास नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे गोल कण करावयाचे म्हटलें तर एका गुंजभर सोन्यांतून सुमारें एक कोटि गुणिले एक कोटि इतके कण निघतील. एवढा लहान कण साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं आपल्या खऱ्या आकारांत दिसणें शक्य नाहीं, कारण प्रकाशाच्या लहरीची लांबीच त्याच्या दसपट आहे.

असे कण मनुष्यानें नकळत मात्र फार पूर्वींच बनविले होते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें चौथ्या शतकांतील एक रोमन कांचेचा चषक आहे. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवट दिसतो; आंत दिवा ठेवला तर माणकासारखा लाल होतो. त्या कांचेंत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले आहेत. सतराव्या शतकांत युरोपांतील कांचकारांनीं सोन्यापासून लाल कांच करण्याची कृति पक्की केली. पण सोन्यासारखा पिवळा धातु लाल कां होतो, याचें उत्तर त्यांपैकीं कोणापाशींच नव्हतें.

तें उत्तर शोधण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न मायकेल फॅरडे यानें केला. वीज व चुंबक यांच्या संशोधनानें कीर्तिमान झालेला हा पुरुष उतारवयांत सोन्याच्या वर्खाकडे वळला. १८५७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यानें माणकासारखें लाल पाणी तयार केलें. तें पाणी दिसावयास अगदीं स्वच्छ होतें, गाळणींतून सरळ पार होत होतें. पण त्यांतून प्रकाशाचा झोत सोडतांच झोताचा मार्ग उजळून दिसूं लागे. घरांत कवडसा दिसतो तसाच. फॅरडेनें अनुमान केलें कीं सोनें येथें मिठासारखें विरघळलेलें नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत आहे. त्या पाण्यांत थोडें मीठ टाकलें कीं त्याचा लाल रंग जाऊन तें निळसर होतें, हेंही त्यानें पाहिलें. कण एकमेकांच्या जवळ आले, परिस्थिति बदलली, आणि रंग बदलला. पुढच्या दीडशें वर्षांच्या शास्त्राचें बीज या एका निरीक्षणांत होतें. फॅरडेच्या कांहीं बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अजून जपून ठेवलेल्या आहेत.

१८६१ सालीं टॉमस ग्रॅहॅमनें अशा मिश्रणांना जें नांव दिलें त्याला आपण कलिल म्हणतों. १८६९ च्या सुमारास जॉन टिंडल यानें अशा झोतांचा पद्धतशीर अभ्यास केला. १८७१ सालीं लॉर्ड रॅले यानें गणितानें दाखविलें कीं अतिसूक्ष्म कण तांबड्या प्रकाशापेक्षां निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. आकाशाच्या निळेपणाचें कारण त्यांतून उलगडलें. तरीही झोत दिसणें वेगळें आणि एकेक कण दिसणें वेगळें. हें दुसरें काम जर्मनींतील येना गांवीं झालें. रिशार्ड झिग्मोंडी हा रंगीत कांचेचा अभ्यासक, आणि हेन्री झीडेंटोफ हा त्साइस कारखान्यांतील भिंगांचा जाणकार. या दोघांनीं १९०२-०३ सालीं अतिसूक्ष्मदर्शक नांवाचें यंत्र रचलें. त्याची युक्ति म्हणजे माजघरांतील कवडसाच होय: प्रखर प्रकाश अरुंद फटींतून बाजूनें सोडावयाचा आणि काळोख्या पार्श्वभूमीवर वरून पाहावयाचें. त्याबरोबर लाल पाण्यांतील सोन्याचा एकेक कण काळ्या आकाशांतील ताऱ्यासारखा चमकूं लागला. स्वतः झिग्मोंडीला ते चंचल कण पाहून उन्हाच्या तिरपेंत नाचणाऱ्या चिलटांच्या थव्याची आठवण झाली. त्याला रसायनशास्त्राचें १९२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९०८ सालीं गुस्टाव्ह मी यानें गोल कणानें प्रकाश किती गिळावा व किती विखुरावा याचें संपूर्ण गणित मांडलें, आणि सुवर्णजलाच्या लाल रंगाचा उलगडा झाला.

तो उलगडा साध्या शब्दांत असा सांगतां येईल. धातूंत कांहीं इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कण लहान असला म्हणजे प्रकाशाच्या लहरीबरोबर ते सारे इलेक्ट्रॉन एकदम, पाळण्यासारखे, झुलूं लागतात. प्रत्येक पाळण्याचा झोका ठराविक असतो. त्या झोक्याशीं जुळणारा रंग कण जोरानें पकडतो, कांहीं गिळतो, कांहीं चोहींकडे फेंकतो. सोन्याच्या लहान गोल कणाचा झोका हिरव्या प्रकाशाशीं जुळतो, म्हणून पाण्यांतून पार होणारा प्रकाश लाल दिसतो. पण हा झोका कणाचा आकार, त्याचें रूप, त्याच्या भोंवतालचा पदार्थ आणि त्यावरील इलेक्ट्रॉनांची संख्या या चारही गोष्टींवर अवलंबून असतो. यांपैकीं एक बदलली कीं रंग किंचित् सरकतो. म्हणजे आपल्या अंगावर काय चाललें आहे याची बातमी कण आपल्या रंगानें देत असतो.

आतां दुसऱ्या एका धाग्याकडे वळूं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलें कीं फेंस येतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. रक्तांतील एक द्रव्य त्याचें पाणी व प्राणवायु असें विघटन करतें आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं. हें पेरॉक्साइड थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१८ सालीं शोधिलें, आणि सोनें, चांदी, प्लॅटिनम यांच्या नुसत्या स्पर्शानेंही त्याचें विघटन होतें असें त्याला दिसलें. १८२३ सालीं ड्यबराइनर यानें प्लॅटिनमच्या भुसभुशीत गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडून काडीवांचून ज्योत पेटविली. १८३५ सालीं स्वीडनच्या बर्झीलियस यानें अशा सर्व क्रियांना एक नांव दिलें; आपण त्याला उत्प्रेरण म्हणतों. उत्प्रेरक हा लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासारखा असतो: दोघांना एकत्र आणतो आणि आपण बाजूला होऊन पुढच्या घरीं जातो. शेतांतील खत, मोटारींतील पेट्रोल, धुराड्यांतील विषारी वायूंचें शमन, यांपैकीं कोणतीही गोष्ट आज उत्प्रेरकावांचून चालत नाहीं.

हे दोन धागे प्रथम जवळ आले ते गेओर्ग ब्रेडिश याच्या हातीं. १८९८ च्या सुमारास त्यानें पाण्याखालीं प्लॅटिनमच्या तारांमध्यें विजेची ठिणगी पाडून त्या धातूचें कलिल बनविलें. त्या कलिलानें पेरॉक्साइडाचें विघटन केलें, आणि ज्या विषांनीं रक्तांतील द्रव्य निकामी होतें त्यांपैकीं कांहीं विषांनीं हे धातुकणही निकामी झाले. म्हणून त्यानें त्यांना निर्जीव किण्व म्हटलें. परंतु ब्रेडिशच्या हातीं जें येई तें सर्व कणांचें मिळून सरासरी काम असे. कोट्यवधि कणांपैकीं कोणता राबला आणि कोणता नुसता उभा राहिला, हें त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. गांवचा सारा एकूण किती जमला एवढें कळावें, पण कोणत्या घरानें किती भरला तें कळूं नये, तसेंच हें होतें. आणि कारखानदाराला खरी गरज असते ती याच गोष्टीची, कारण प्लॅटिनम व पॅलेडियम हे धातु महाग आहेत आणि न राबणारा प्रत्येक कण म्हणजे फुकट गेलेला पैसा.

विखुरलेल्या प्रकाशाच्या अभ्यासांत आपला देश मागें नव्हता. १९२१ सालीं विलायतेहून परत येतांना भूमध्य समुद्राच्या निळाईनें चंद्रशेखर वेंकट रामन यांचें मन वेधलें, आणि त्या चिंतनाची परिणति २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्यांच्या प्रसिद्ध शोधांत झाली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें १९४० नंतरच्या दशकांत प्राध्यापक माता प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं असेंद्रिय जेलींचा अभ्यास केला. पातळ द्रव गोठत असतांना त्यांतून बाजूला पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता कशी बदलते, हें त्यांनीं वेळोवेळीं मोजलें. भांड्यांत हात न घालतां, नुसत्या प्रकाशावरून आंतील घडामोडींचा माग काढण्याचें हें काम आपल्या मुंबईंत झालें, याची आठवण आपण ठेवावयास हवी.

पुढें सोन्याविषयींची एक जुनी समजूत ढांसळली. सोनें हा निष्क्रिय धातु, तो कोणाच्या अध्यांत नाहीं मध्यांत नाहीं, असें रसायनशास्त्रज्ञ म्हणत आले होते. १९८७ सालीं जपानच्या मासाताके हारुता यांनीं दाखविलें कीं सोन्याचे पांच नॅनोमीटरहून लहान कण योग्य आधारावर बसविले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु शून्याखालच्या थंडींतही ते जाळून टाकतात. लगडींत आळशी असलेलें सोनें भुकटींत इतकें उद्योगी निघालें!

त्यानंतर एकेका कणावरील क्रिया पाहण्याचा दिवस उगवला. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठांत कॅरोलिना नोव्हो, ॲलिसन फन्स्टन व पॉल मल्व्हेनी यांनीं सोन्याचे एकेक स्फटिक काळोख्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले. भोंवतालच्या द्रवांत त्यांनीं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आवळ्यालिंबांतील क जीवनसत्त्व, सोडलें. तें आम्ल आपले इलेक्ट्रॉन सोन्याला देऊन टाकतें, आणि पाण्यांत विरलेला प्राणवायु ते सोन्यापासून उचलून नेतो. कणावर इलेक्ट्रॉन सांचले कीं त्याचा रंग निळ्या बाजूला किंचित् सरके. ते निघून गेले कीं रंग पूर्वस्थितीवर येई. एका कणाच्या रंगाचें हें सरकणें पाहून त्यांनीं त्याच एका कणावरील क्रियेचा वेग काढला. ब्रेडिशला जें साधलें नव्हतें तें एकशें दहा वर्षांनीं साधलें.

पण येथें एक मोठी अडचण आहे. कणाचा व्यास निम्मा झाला कीं त्यानें विखुरलेला प्रकाश चौसष्टावा हिस्सा उरतो. पन्नास नॅनोमीटरचा कण सोडून पांच नॅनोमीटरचा घेतला तर प्रकाश दहा लाख पटींनीं कमी होतो. आणि हारुतांनीं तर सांगितलें आहे कीं खरे कामकरी हे पांचाहून लहान कणच! म्हणजे जे डोळ्यांत भरतात ते फारसे राबत नाहींत, आणि जे राबतात ते दिसत नाहींत.

या पेचांतून वाट काढली ती स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठांत. एलिन लार्सन, ख्रिस्तोफ लांगहॅमर, इगोर झोरिक व बेंग्ट कासेमो यांनीं २००९ सालीं सोन्याच्या तुलनेनें मोठ्या चकत्या घेतल्या आणि त्यांच्या निकट प्लॅटिनमचे बारीक कण बसविले. काम प्लॅटिनमनें करावयाचें, आणि सोन्यानें नुसतें साक्षीला उभें राहावयाचें. हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर जळूं लागला, त्याच्या पृष्ठभागावर कोणता वायु किती चिकटला हें बदललें, कीं शेजारच्या सोन्याचा रंग तितकाच सरके. या प्रयोगांत एका कणाऐवजीं पुष्कळ चकत्यांचा रंग एकत्र मोजला होता. पण न दिसणाऱ्या कामकऱ्याची वार्ता दिसणाऱ्या साक्षीदाराकडून घेण्याची रीत त्यानें घालून दिली.

आपल्या पुण्याचाही या कथेंत एक दुवा आहे. १९५० च्या जानेवारींत जिचें उद्घाटन झालें त्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. परसांतील गवती चहाच्या पातीचा अर्क त्यांनीं सोन्याच्या क्षाराच्या द्रावणांत घातला, आणि त्यांतून सोन्याचे पातळ त्रिकोणी स्फटिक तयार झाले. गोल कणाचा झोका हिरव्या प्रकाशाशीं जुळतो, तर या त्रिकोणांचा झोका डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपर्यंत जातो. सोनें तेंच, रूप बदललें, आणि त्याचें प्रकाशाशीं असलेलें नातें बदललें. फॅरडेला जें फॉस्फरसनें करावें लागलें तें येथें चहांत टाकण्याच्या पातीनें केलें.

मात्र या रंगाच्या साक्षीला मर्यादा आहेत, त्या न सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कण सांगतो तें इतकेंच कीं माझ्यावरचे इलेक्ट्रॉन बदलले, किंवा माझ्या शेजारीं कांहीं बदललें. काय नवीन तयार झालें त्याचें नांव तो सांगत नाहीं. शिवाय पाहण्यासाठीं टाकलेल्या प्रकाशानें कण स्वतःच तापूं शकतो, आणि मग आपण पाहतों आहों ती त्याची स्वाभाविक चाल कीं आपण दिलेल्या उष्णतेचा परिणाम, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून शहाणा संशोधक रंगाची साक्ष दुसऱ्या पुराव्याशीं ताडून पाहतो. एकट्या साक्षीवर निकाल देत नाहीं.

इतिहासाचा अभ्यासकही याहून निराळें काय करतो? आणि येथेंच मी पुन्हां नेसरीला येतों. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नव्हते तेव्हां, सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडींत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थीं पतन पावले. लोकस्मृति सांगते कीं त्यांच्याबरोबर अवघे सहा स्वार होते. प्रतापरावांचें नांव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या सहांचीं नांवेंही परंपरेनें जपलीं आहेत, पण आपणांपैकीं किती जणांना तीं सांगतां येतील? ते आपणांस दिसतात ते त्या एका मोठ्या नांवाच्या उजेडांतच. गॉथेनबर्गच्या प्रयोगांतील सोन्याची चकती शेजारच्या बारीक कणांची वार्ता देते, तसें प्रतापरावांचें नांव त्या सहांची वार्ता देत आलें आहे.

दोन शास्त्रांचें साम्य मी अधिक ताणीत नाहीं. स्वारांना मन होतें, कणाला नाहीं. परंतु एक धडा दोन्हीकडे सारखाच आहे. समुदायाची सरासरी काढली कीं आपण निश्चिंत होतों: इतकी फौज, इतका सारा, इतकें उत्पादन. पण काम होतें तें एकेकट्याच्या हातून, आणि सगळे सारखे राबत नाहींत. मनुष्याला एकेक कण निराळा ओळखूं येण्यास फॅरडेपासून मेलबर्नपर्यंत दीडशें वर्षें लागलीं, आणि त्या सर्व वर्षांत त्याचें मुख्य साधन एकच होतें: बाजूनें आलेला उजेड आणि मागें धरलेला अंधार.

पुढें केव्हां आपण एखाद्या जुन्या घरांत दुपारीं बसलां आणि कौलांतून कवडसा खालीं उतरला, तर घरांतल्या मुलाला तो दाखवा. त्रसरेणूची आणि गुंजेची गोष्ट त्याला सांगा. आणि कण मुठींत येत नाहीं म्हणून तें हिरमुसलें, तर सांगा कीं तो मुठींत धरावयाचा नसतोच. त्यानें पाठविलेला प्रकाश नीट पाहावयाचा असतो.